हौजाचे झाकण

मागच्या महिन्यात धाकट्या मुलीच्या माशांच्या टाकीसाठी नवे झाकण आणायला महाडच्या बाजारात गेलो होतो. टाकी दोन फुटांची, तीत दहा-बारा गप्पी. जुने झाकण एकाच जाड काचेचे होते. ते उचलायचे तर आधी वरचा दिवा काढा, मग फिल्टरची नळी मोकळी करा, मग दोन्ही हातांनी काच धरून कुठे ठेवायची ते शोधा. आठवड्याला बदलायचे पाणी हळूहळू महिन्याने बदलले जाऊ लागले. मासे मेले तेव्हा मुलगी म्हणाली, "अब्बा, झाकणामुळे मेले." मी हसलो. झाकणामुळे मासे कसे मरतील? पण तिचेच बरोबर होते. पाणी खराब झालेले आम्हाला दिसत होते, हात घालायचा कंटाळा झाकणाने आणला होता.

त्या दिवशी मला आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा हौज आठवला. लहानपणी तो उघडा होता. वजू करताना मासे बोटांपाशी येत. पुढे कधीतरी डासांच्या भीतीने त्यावर स्लॅब टाकली गेली आणि नळ बसले. स्लॅबला एक भोक ठेवले होते, पाइपापुरते. मग २२ जुलै २०२१ ची रात्र आली. सावित्रीचे पाणी महाडात शिरले, पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या, आमच्याच तालुक्यातले तळिये गाव डोंगराखाली गेले. पाणी ओसरल्यावर हौजात गाळ साचलेला होता आणि आत उतरायला वाटच नव्हती. घण मारून स्लॅब फोडावी लागली. प्यायला पाणी नाही, वापरायला पाणी नाही, अशा दिवसांत आम्ही आमच्याच पाण्यावरचे काँक्रीट फोडत बसलो होतो.

त्यानंतर जमातीत वाद झाला. जुनी माणसे म्हणाली, हौज पहिल्यासारखा उघडा ठेवा. तरुण म्हणाले, डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत हे कसे चालेल? दोघांचेही बरोबर होते. भांडी झाकून ठेवावीत ही शिकवण तर हदीसमध्येच आहे. प्रश्न झाकावे की नाही हा नव्हताच. कसे झाकावे, हा होता. आणि हाच वाद शंभर वर्षांपूर्वी मुंबईत मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे.

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात शोधले. पुढे मुंबईत मलेरिया वाढला तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे तपासाचे काम आले आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. शहरातला दोषी डास अ‍ॅनोफिलीस स्टेफेन्सी. हा गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ पाणी लागते. म्हणजे घरोघरच्या विहिरी, टाक्या, कारंजी. ज्या पाण्याला लोक पवित्र मानत, त्यातच तो अंडी घालत होता. उपाय सरळ होता: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा घट्ट झाका.

लोक खवळले. पारशी कुटुंबांना विहिरीपाशी प्रार्थना करायची होती, पाण्यावर सूर्यप्रकाश पडायला हवा होता. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही त्या श्रद्धेची साक्ष देते. हिंदूंना पूजेसाठी विहिरीचेच पाणी हवे होते. महापालिकेचे त्या काळचे सचिव रुस्तम मसानी यांनी या वादाच्या निमित्ताने विहिरींच्या लोकसमजुतींवर इंग्रजीत पुस्तकच लिहिले, ते १९१८ मध्ये आले. अधिकाऱ्यांनी अखेर तोड काढली ती झाकणाच्याच रूपात: विहीर झाकायची, पण झाकणात तारेच्या जाळीचे उघडणारे दार ठेवायचे. ऊन आत जाईल, डास जाणार नाही, माणसाला हवे तेव्हा दार उघडता येईल.

मला ही तोड फार शहाणपणाची वाटते. डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. म्हणून पाणी आठवड्याला एकदा तरी कोणीतरी पाहायला हवे. जे झाकण उघडता येत नाही ते पहिल्या दिवशी सुरक्षित असते, पण एका कोपऱ्याला तडा गेला की आत काय चालले आहे ते कुणालाच कळत नाही. म्हणूनच मुंबईत आजही इमारतीवरच्या टाकीला नुसते घट्ट झाकण पुरत नाही, तपासायला चढता येईल अशी शिडीही लागते.

आपल्या कोकणी मुसलमानांच्या इतिहासातही पाणी राखण्याचा एक धडा आहे. मुंबईच्या जामा मशिदीचे बांधकाम १७७५ मध्ये सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती, तिथे तलाव होता. त्याने मशिदीला होकार दिला तो एका अटीवर: तलाव बुजवायचा नाही. म्हणून काळ्या दगडाच्या कमानी उभारून मशीद तलावावर तोलली गेली. त्या तलावातले मासे आणि कासवे पाहत अनेक पिढ्यांनी वजू केला. पाण्यावर एवढी मोठी इमारत आली, तरी पाण्यापर्यंतच्या पायऱ्या राहिल्या.

आणि महाडमध्ये बसून पाण्याच्या झाकणाबद्दल लिहायचे तर चवदार तळे टाळता येत नाही. त्या तळ्यावर काच नव्हती, स्लॅब नव्हती, तरी ते माणसांच्या एका मोठ्या समूहासाठी बंद होते. आमचे पूर्वज तिथले पाणी भरत होते, जनावरे पीत होती, अस्पृश्य ठरवलेल्यांना मात्र मनाई होती. १९२४ मध्ये सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असलेल्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण कागदावर उघडलेले दार प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर झालेल्या मारहाणीत काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, आणि डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना तेव्हा ती एका मुसलमानाने दिली. हे सांगताना आपल्याला बरे वाटते. पण त्याआधी कित्येक वर्षे आपण त्याच तळ्याचे पाणी भरत होतो आणि शेजाऱ्याला का भरता येत नाही हे विचारत नव्हतो, हेही सोबत सांगायला हवे. खटल्याचा निकाल उच्च न्यायालयातून यायला १९३७ उजाडले.

डासासाठीचे झाकण आणि माणसासाठीचे झाकण एकच नव्हे, हे मला कळते. पण दोन्हींना विचारायचा प्रश्न एकच आहे: हे कोणाला अडवते, आणि उघडायचे झाले तर कोण उघडू शकतो?

आमच्या हौजाचे शेवटी असे ठरले. स्लॅबमध्ये माणूस उतरेल एवढे, दोन फूट बाय दोन फुटांचे तोंड. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला चार बोटे उंच काठ. वर बिजागरीचे हलके पत्र्याचे झाकण, एका माणसाला एका हाताने उचलता येईल असे. हवेच्या नळीला बारीक जाळी. आत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडे ठेवायचे आणि एक माणूस बाहेर थांबायचा. कुलपाच्या किल्लीवरून पुन्हा वाद झाला. ती अध्यक्षांच्या घरी ठेवावी असे काहींचे म्हणणे होते. अखेर ती मशिदीच्या दारामागे खिळ्याला लटकवली. दर शुक्रवारी नमाजेआधी कोणीतरी झाकण उघडून आत पाहतो.

मुलीच्या टाकीसाठीही मी तसेच झाकण आणले. काचेचे दोन तुकडे, मध्ये बिजागरी. मागचा तुकडा जागीच राहतो, दिवा त्यावर, नळीसाठी कोपऱ्यात खाच आणि हवेसाठी थोडी फट. पुढचा तुकडा ती स्वतः एका हाताने उचलते. नवे गप्पी आणले आहेत. रविवारी पाणी बदलायची आठवण मला करावी लागत नाही.