गूगल मॅप्सवरचे पॉइंट रिव्ह्यू कसे बदलतात?

नाशिकला नवीन आलेला माणूस चांगली मिसळ कुठे मिळते हे आता रिक्षावाल्याला विचारत नाही, मॅप्स उघडतो. तिथे रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावाखाली 'लोकल गाइड' असं दिसतं ना? या लोकल गाइडची लेव्हल पॉइंटवर ठरते. आणि पॉइंट कशाला मिळतात, त्यावर लोक काय लिहितात हेही बऱ्याच अंशी ठरतं.

2015 मध्ये हिशोब सोपा होता. रिव्ह्यू असो की फोटो, पॉइंट एकच. 200 पॉइंट झाले की ड्राइव्हवर 1 टीबी जागा फुकट! मग विचार करून लिहायची मेहनत कोण घेणार? 'मस्त' लिहिलं तरी तेवढाच पॉइंट.

पुढे गूगलने भाव बदलले. नुसत्या स्टारला 1, फोटोला 5, रिव्ह्यूला 10, आणि रिव्ह्यू 200 अक्षरांच्या वर गेला तर आणखी 10. हेतू चांगला होता. पण मशीन अक्षरं मोजतं, रश्शाची चव नाही. त्यामुळे मिसळीच्या रिव्ह्यूत गोदावरी, पंचवटी, पांडवलेणी सगळं येऊ शकतं. फक्त पाव ताजा होता का, ते राहून जातं. फोटोंचं गणित तर अजून गमतीचं. एका मोठ्या रिव्ह्यूचे 20 पॉइंट, तेवढेच एकाच ताटाच्या चार फोटोंचे. लेव्हल 10 ला 1 लाख पॉइंट लागतात, म्हणजे 20,000 फोटो. (इतकी मिसळ पचणार कशी?)

याउलट प्रोग्रामर लोकांच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तर दुसऱ्याला आवडलं तर 10 पॉइंट मिळतात. कुणाच्या उत्तराला डाउनव्होट दिलात तर स्वतःचाही 1 जातो, त्यामुळे हात जरा आखडतो. तिथे घाईचा रोग मात्र आहे: जो आधी उत्तर देतो, त्याला मतं गोळा करायला जास्त वेळ मिळतो.

नाशिकच्या हॉटेलवाल्यासाठी हा खेळ नाही, रोजचा गल्ला आहे. सिंहस्थाला बाहेरगावचे लोक येतील तेव्हा तेही हेच स्टार बघणार. म्हणून रिव्ह्यू वाचताना क्रम 'सर्वात नवीन' करा, तीन स्टारवाले आधी वाचा. संशय आला तर नावावर टॅप करून त्याच माणसाने इतर ठिकाणी काय लिहिलंय ते बघा. सगळीकडे तीच वाक्यं असतील, तर पुढचा रिव्ह्यू वाचा.