सामाईक घर आणि न लिहिलेले वाटे

आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास येणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो विवाहासाठी नव्हे, तर वकिलासाठी हवा असतो. आजोबांना मुले किती, थोरल्या चुलत्याच्या मुली कोणत्या, कोण केव्हा निवर्तले, हे सिद्ध करण्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढणारी माणसे अखेर चर्चच्या जुन्या वह्यांपाशी येतात. ती पिवळी पाने उलटताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. वहीत मुलींची नावे मुलांच्या नावांइतक्याच ठळक शाईने लिहिलेली आहेत. त्याच कुटुंबाचा सातबारा शेजारी ठेवला, तर तेथे मुली एक तर नाहीतच, किंवा असल्या तर 'इतर हक्क' या रकान्यात, बँकेच्या बोजाच्या शेजारी बसविलेल्या!

हे असे का झाले, याचा शोध घेऊ गेल्यास वसईपासून फार दूर, बेल्लारी येथे जावे लागते. मद्रास इलाख्यातील त्या छावणीच्या गावी मॅथ्यू अब्राहम नावाचा तामीळ ख्रिस्ती गृहस्थ राहत असे. दुकानदारी आणि लष्कराला मद्य पुरविण्याचा मक्ता यांवर त्याने मोठी संपत्ती मिळविली. त्याची पत्नी शार्लट ही तेव्हाच्या भाषेत 'ईस्ट इंडियन' होती. तेथे त्या शब्दाचा अर्थ मिश्रवंशीय असा होता. मुंबई-साष्टीच्या आपल्या ईस्ट इंडियन समाजाशी त्याचा संबंध नाही. 1842 साली मॅथ्यू मृत्युपत्र न करता वारला. धाकटा भाऊ फ्रान्सिस धंद्यात होताच. त्याने कारभार हाती घेतला. काही वर्षे बरी गेली आणि मग दीर-भावजय न्यायालयात उभी राहिली.

फ्रान्सिसचे म्हणणे असे, की आमचे पूर्वज हिंदू, आम्ही भाऊ एकत्र राहिलो, म्हणून मालमत्ता अविभक्त हिंदू कुटुंबाची. शार्लटचे म्हणणे असे, की आमचे खाणेपिणे, पेहराव, मुलांचे शिक्षण, सारे इंग्रजी रीतीचे. तेव्हा नवऱ्याची मिळकत पत्नीची व मुलांची. हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1863 मध्ये निकाल लागला तो असा, की ख्रिस्ती झालेल्या माणसावर हिंदू कायद्याचे बंधन उरत नाही. त्याला वाटल्यास तो जुनी रीत चालू ठेवू शकतो, वाटल्यास सोडू शकतो, आणि त्याने काय केले हे त्याच्या वागणुकीवरून ओळखावे. मॅथ्यूने जुनी रीत सोडली होती. म्हणून केवळ भाऊ या नात्याने, जन्मतःच मिळणारा हिस्सा फ्रान्सिसला सांगता येईना.

या निकालाने ख्रिस्ती कुटुंबाला निवड दिली, पण ती फार काळ टिकली नाही. 1865 साली इंडियन सक्सेशन ॲक्ट झाला. हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना त्यातून वगळले होते, एतद्देशीय ख्रिस्तींना नव्हते. तेव्हापासून, आणि पुढे 1925 च्या कायद्यान्वयेही, नियम सरळ आहे. मृत्युपत्र न करता मनुष्य वारला, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान. मुलगा-मुलगी असा भेद नाही. दोन पुत्र, दोन कन्या आणि आई असतील, तर आईला एक तृतीयांश आणि प्रत्येक अपत्याला एक षष्ठांश. हिंदू भगिनींना पित्याच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा 1956 च्या कायद्याने मिळाला. आमच्या भगिनींना तो नव्वद वर्षे आधीच मिळाला होता, आणि आम्ही तो त्यांना कधी सांगितलाच नाही.

न्यायालयांचेही एकमत झाले असे नाही. 'टेलिस विरुद्ध सल्डाना' या 1886 च्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने एतद्देशीय ख्रिस्तींमध्ये अविभक्त कुटुंबाचा हिंदू नियम चालणार नाही असे म्हटले. उलट विसाव्या शतकाच्या आरंभी 'फ्रान्सिस घोसाल विरुद्ध गॅब्री घोसाल' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने अशी रूढी ख्रिस्ती कुटुंबात टिकून राहू शकते असे मानले. आमचा शेतकरी हे निकाल वाचावयास गेला नाही. त्याच्या घरी एक चूल होती, एक विहीर होती, वाडीचे उत्पन्न थोरल्याच्या हाती येत होते. महसुली दप्तरातही काही ख्रिस्ती घरांच्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावामागे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरे आम्ही पाहिली आहेत. कायदा प्रत्येकाचा वेगळा हिस्सा मोजत होता आणि घर मात्र हिस्सा हा शब्द उच्चारणेही अभद्र समजत होते.

परिणाम काय झाला तो हिशेब करून पाहावा. पणजोबांना चार मुले, त्या प्रत्येकाला चार, पुन्हा प्रत्येकाला चार. विधवांचे वाटे सोडून दिले तरी तिसऱ्या पिढीत एका वाडीचे चौसष्ट सहहिस्सेदार होतात. त्यांतले कोणी मुंबईस, कोणी आखातात, कोणी कॅनडात. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणाला फिकीर नव्हती. 1980 नंतर वसई-विरार पट्ट्यात इमारती उभ्या राहू लागल्या आणि कुलमुखत्यारपत्राची कोरी पाने घरोघर फिरू लागली. 'बहिणींना आता लोभ सुटला' हे वाक्य आम्ही तेव्हापासून असंख्य वेळा ऐकले आहे. भावाला लोभ सुटल्याचे कोणी सांगावयास येत नाही.

एका वाटेकऱ्याने आपला हिस्सा परक्याला विकला तर काय, या भीतीचा विचार कायद्याने पूर्वीच केला आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला त्या घरात येऊन राहण्याचा हक्क नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या वाटप कायद्याखाली घरच्या माणसाला तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला परत घेता येतो. हे संरक्षण केवळ हिंदूंसाठी नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका मुसलमान कुटुंबाच्या बाबतीत 1908 सालीच स्पष्ट केले. तसेच, एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांचा ताबा असतो. भावाने तीस वर्षे वाडी कसली एवढ्यानेच बहिणीचा वाटा बुडत नाही. फेरफार नोंदीत नाव नाही म्हणूनही तो बुडत नाही.

केरळात तर भगिनींविरुद्ध लेखी कायदाच होता. त्रावणकोरच्या 1916 च्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या शिक्षिकेने त्याला आव्हान दिले, आणि 1986 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की तो कायदा 1951 सालीच रद्द झाला असून त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींनाही 1925 चा कायदाच लागू आहे. निकाल हाती आला, तरी प्रत्यक्ष वाटा पदरात पडावयास त्यांना आणखी अनेक वर्षे लढावे लागले. 2022 साली त्या निवर्तल्या. त्या निकालाविरुद्ध तेथील काही धर्मगुरूच बोलले होते, हे वाचताना आमची मान खाली जाते. मोशेपुढे उभ्या राहून वडिलांचे वतन मागणाऱ्या सलाफहादाच्या पाच मुलींची कथा गणनाच्या पुस्तकात त्यांनीही वाचली असेलच.

परंतु केरळकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका अन्य धर्मग्रामात असताना, दोन भाऊ व त्यांची विवाहित बहीण आमच्याकडे आली. भावांनी कागद तयार आणला होता: बहीण स्वखुशीने आपला हक्क सोडीत आहे. ती गप्प होती. आम्ही तिला म्हटले, "बाई, भावांचे घर मोडू नये. माहेर राहिले म्हणजे सारे राहिले." तिने एवढेच विचारले, "फादर, सही केली नाही तर माहेर राहणार नाही का?" या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. तिने सही केली, आणि साक्षीदार म्हणून आम्हीही केली. त्या दिवशी एक तंटा मिटविल्याचे समाधान आम्हांला वाटले होते, हेही सांगितले पाहिजे.

पुढे वाडी इमारतीसाठी गेली. भावांची वेगवेगळी घरे झाली. दरम्यान बहिणीचा नवरा वारला आणि ती आमच्याकडे पुन्हा आली, या वेळी एकटी. एका वकिलांनी तिला सांगितले होते, की स्थावर मालमत्तेवरील हक्क सोडल्याचा कागद 1908 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो कागद नोंदलेला नव्हता. म्हणजे आमची साक्ष असलेल्या त्या कागदाने तिचा हिस्सा गेलाच नव्हता. तिला आमच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या: त्या दिवशी नेमके काय बोलणे झाले ते आम्ही न्यायालयात सांगावे, आणि तिच्या जुन्या धर्मग्रामातून तिचा बाप्तिस्म्याचा दाखला मिळवून द्यावा. दाखला आठ दिवसांत आला. साक्ष देण्यास आम्ही दोनदा गेलो. थोरला भाऊ तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही. दावा अजून चालू आहे.