हेल्मेट, पगडी आणि कलम ११

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या साइटवर हेल्मेट सक्तीचं झालं ते १९९० साली. पण नियम लागू होण्याआधीच प्रश्न आला: पगडी बांधणाऱ्या शीख कामगारांचं काय? मोटारसायकलच्या हेल्मेटमधून त्यांना १९७६ मध्येच सूट मिळाली होती. १९८९ च्या एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टने, कलम ११ मध्ये, ती साइटवरही दिली. २०१५ पासून बहुतेक सगळ्या कामाच्या जागांना ती लागू आहे.

ही सूट फक्त पगडीधारी शिखांना आहे. आपला फेटा त्यात बसत नाही. शिवाय तिला एक अट चिकटलीये. डोक्याला मार लागला, तर हेल्मेट घालूनही जेवढी इजा झाली असती, तेवढ्याचीच भरपाई मागता येते. म्हणजे निवड कामगाराची, आणि वरचं नुकसानही त्याचंच.

बाकीच्यांना हेल्मेट मालकाने फुकट द्यायचं असतं. ते हातात आलं की ‘ईएन ३९७’ ही खूण आणि बनवल्याची तारीख बघा. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, रंग नि सॉल्व्हंटनेही कमजोर होतं. जोराचा फटका बसला असेल, तर तडा दिसत नसला तरी ते बदलून मागा. तो तुमचा हक्कच आहे.