चुनाभट्टीतली रसायनं

मुंबईच्या हार्बर मार्गावर कुर्ल्याच्या अलीकडे चुनाभट्टी नावाचं स्टेशन लागतं. आज तिथे इमारतींची दाटी आहे, पण एके काळी या भागात खरोखरच चुन्याच्या भट्ट्या पेटत. सिमेंट येण्याआधी वाडा असो, देऊळ असो की किल्ला, दगडाला दगड पक्का जोडायचा तर चुनाच लागे. भट्टीवाले आणि गवंडी मिळून तीन रासायनिक अभिक्रिया घडवून आणत होते, आणि तेही रसायनशास्त्र नावाचा विषय जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून.

पहिली अभिक्रिया भट्टीत होई. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कितीही भाजला तरी त्याचा चुना होत नाही; त्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट हवं. देशावर ते काळ्या मातीत आणि नदीकाठी सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतून मिळे, तर कोकणात शिंपल्यांतून. लाकूड किंवा कोळसा आणि खडे यांचे थर रचून भट्टी पेटवली जाई. तापमान सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत चढलं की कॅल्शियम कार्बोनेटचे दोन भाग होतात. कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, मागे उरतो. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली तर हाती 56 किलोच कळी येते. बाकीचे 44 किलो हवेत जातात. म्हणून नीट भाजलेला खडा हाताला हलका लागतो आणि कच्चा राहिलेला जड.

दुसरी अभिक्रिया पाण्याची. कळीवर पाणी पडताच ती सुसकारे टाकते, तडकते, वाफा सोडते. खाली जाळ नसतानाही पाणी उकळू लागतं, कारण या अभिक्रियेत भरपूर उष्णता बाहेर पडते. तयार होतं ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. आजीच्या पानाच्या डब्यातला चुना तो हाच. कळीचा चुना मात्र त्वचा भाजतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीही जाऊ शकते, त्यामुळे तो मुलांनी हाताळायचा नाही.

विरलेला चुना मग घाण्यात जाई. अनेक गडांवर आजही दगडी गोल चर आणि त्यात पडलेलं जड दगडी चाक दिसतं. बैल ते चाक फिरवत आणि चुना-वाळूचं मिश्रण लोण्यासारखं मऊ होईपर्यंत मळलं जाई. त्यात कुठे गूळ घालत, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घातली तर तिच्यातल्या सिलिकाशी चुन्याचा संयोग होतो आणि ओलीतही तो घट्ट बसतो. 1664 साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा तटासाठी चुना लागलाच. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे आणि त्याला मध्ये एकही खांब नाही. तो घुमटही विटा आणि चुना यांचाच आहे.

तिसरी अभिक्रिया सर्वांत संथ. भिंतीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीत जो वायू गमावला, तोच परत मिळवून चुना पुन्हा दगड बनतो.

हे कोडं उलगडलं स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी. मुतखड्यावर औषध शोधताना ते चुन्याच्या निवळीकडे वळले. तापवल्यावर घटलेलं वजन एका वायूचं असतं, हे त्यांनी काटेकोर तोलून दाखवलं आणि 1756 साली ते निष्कर्ष छापले. आपल्या उच्छ्वासातही तोच वायू असतो, हेही त्यांनी निवळीत फुंकर घालून ताडलं. हा प्रयोग शाळेत शिक्षकांसमोर करता येतो. विरलेला चुना पाण्यात ढवळून ठेवायचा, वर आलेलं नितळ पाणी गाळून घ्यायचं आणि नळीने त्यात हळूच फुंकायचं. पाणी दुधाळ होतं. ते पांढरे कण कॅल्शियम कार्बोनेटचे. नळीतून पाणी तोंडात ओढायचं मात्र नाही.

1824 साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. भारतात 1914 मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं. ते झटपट घट्ट होतं, त्यामुळे चुन्याच्या भट्ट्या एकेक करून विझल्या.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत मात्र चुना परतला आहे. सिमेंटचा कडक थर भिंतीतली ओल कोंडून धरतो, तर चुना ती बाहेर जाऊ देतो. 2025 साली सिंधुदुर्ग, रायगड, राजगड यांच्यासह मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे हे ज्ञान आणखी मोलाचं ठरतं. चुन्याच्या भिंतीचा तुकडा तपासायचा झाला तर ताज्या तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतात. चुन्याचा दगड झाला असेल तिथे रंग बदलत नाही. जिथे हवा अजून पोचलेली नाही, तो भाग गुलाबी होतो. जाड भिंतींच्या पोटात बांधकामानंतर खूप वर्षांनीही असा गुलाबी भाग सापडू शकतो.