सर्पगंधेची मुळी आणि डोपामिनचा शोध

पीएच.डी.च्या मुलाखतीत "हाच विषय का?" हा प्रश्न हमखास येतो. "मेंदू फार गूढ असतो" एवढ्या उत्तरावर तिथे भागत नाही. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून न्यूरोफार्माकॉलॉजीकडे वळले, आता डोपामिनवर काम करते. माझं उत्तर सर्पगंधेपासून सुरू होतं.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावरचं औषध म्हणून जुनीच. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब, दोन्हींवरचा तिचा गुण लेखातून मांडला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं.

औषध लागू पडतं हे कळलं, पण ते मेंदूत करतं काय? १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाला दिसलं की रेसर्पिनने मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. म्हणजे प्राणी सुस्त होतो तो त्यामुळेच? पण नॉरॲड्रिनॅलिनही घटतं, हेही लवकरच कळलं. मग दोघांपैकी दोषी कोण?

ब्रोडींकडे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये साधी युक्ती केली: जे संपलंय ते भरून बघायचं. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला, प्राणी ढिम्म. एल-डोपा दिलं, आणि निपचित पडलेले ससे थोड्याच वेळात हिंडायला लागले!

इथे बरेचजण थांबले असते. एल-डोपापासून नॉरॲड्रिनॅलिन बनतं, म्हणजे उत्तर मिळालं. पण मेंदू तपासला तर नॉरॲड्रिनॅलिन भरलेलंच नव्हतं. मग भरलं काय? दोघांच्या मधला टप्पा, डोपामिन. तोवर त्याला नुसता कच्चा माल समजत. १९५८ मध्ये कार्लसन यांच्या गटाने ते मेंदूत मोजून दाखवलं. १९६० मध्ये व्हिएन्नात पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत तेच कमी आढळलं. एल-डोपा आजही त्या आजारावरचं मुख्य औषध आहे. कार्लसन २००० च्या नोबेलचे मानकरी ठरले.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा स्वतःला दोन गोष्टी विचारा. एखादा पदार्थ घटला की परिणाम दिसतो, हे ठीक; पण तो परत भरला तर परिणाम जातो का? आणि गेला, तर खरंच तोच भरला गेलाय, हे तुम्ही मोजलंय का? मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो.