लँब्रेटा, व्हेस्पा आणि निर्मितिस्थानाचा निर्णय

यंत्रावरील नाव आणि ते यंत्र जेथे घडले ते स्थान ही एकच असतात, असा समज सर्वत्र आढळतो. मुंबईत धावलेल्या इटालियन नावाच्या स्कूटरांपुरता तरी तो तपासून पाहणे अवश्य आहे.

‘लँब्रेटा’ हे नाम मिलानच्या लांब्राते या उपनगरावरून आले. तेथील इनोचेंती कारखान्यात १९४७ पासून ही स्कूटर तयार होऊ लागली. ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. तिचा जन्म १९४६ मध्ये पोंतेदेरा येथे झाला. पहिले नाम स्थलवाचक, दुसरे रूपवाचक. परंतु भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने परवान्यान्वये लँब्रेटा काढली, तेव्हा स्थलवाचक नाम आपल्या स्थलापासून विलग झाले. पुढे ‘लँबी’ हे नाव रूढ झाले. व्हेस्पाच्या बाबतीत उलट घडले. बजाजचा पिआज्जोशी झालेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ अवतरली. नाव राणा प्रतापांच्या अश्वाचे, ठेवण मात्र व्हेस्पाची. सारांश, एकीकडे नाव टिकले व स्थान पालटले. दुसरीकडे नाव पालटले व घडण टिकली.

म्हणून नामफलक हा दुय्यम पुरावा होय; तो सहज बदलता येतो. सांगाड्यावर व इंजिनावर ठोकलेले क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहणे, हाच प्राथमिक पुरावा. भांडुपची गाडी नव्या रंगाने मिलानची म्हणून विकली गेली, तर ग्राहक फसतोच. शिवाय ती घडविणाऱ्या मुंबईच्या कामगारांचे कर्तृत्वही इतिहासातून पुसले जाते.