वसईची परदेशी शिबंदी : एका अभ्यासक्षेत्रात शिरताना

वसईच्या किल्ल्याचा इतिहास आपण बहुधा दोन सालांत आटोपतो. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत तटाच्या आत रोज काय चालत असे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. लढाईचे दिवस त्या मानाने थोडेच. बाकीचा काळ पहारा, हजेरी, पगाराची वाट, सणावारांच्या मिरवणुका आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांच्या सलाम्या यांतच गेला. घरापासून हजारो कोस दूर असलेली ही शिबंदी स्वतःला लढाईसाठी कशी सज्ज ठेवत होती आणि आपली सत्ता समारंभांतून कशी मिरवत होती, हा या क्षेत्राचा विषय आहे. त्याकडे वळू पाहणाऱ्या नव्या वाचकाचे मनापासून स्वागत.

सुरुवातीलाच एक सवय मोडावी लागते. कवायत लष्करी इतिहासात आणि मिरवणूक धर्माच्या इतिहासात, अशी वाटणी करण्याची आपल्याला सवय आहे. वसईत ती टिकत नाही. सलामीची तोफ डागायची तर गोलंदाज जागेवर हवा, दारू कोरडी हवी आणि तोफ धड हवी. म्हणजे समारंभ ही सज्जतेची चाचणीही होती. पण हाच समारंभ सज्जतेचा आभासही निर्माण करू शकत होता. कोणत्या वेळी यांतले काय घडत होते, ते ओळखणे हे या अभ्यासातले खरे कसब.

शिबंदीत कोण होते, हे आधी पाहू. सोळाव्या शतकात पोर्तुगालहून गोव्यात उतरलेला सैनिक बऱ्याच अंशी हंगामी असे. पावसाळ्यात आरमार नांगरून पडले की पगार थांबे, आणि एखाद्या फिदाल्गोच्या, म्हणजे उमरावाच्या, पंगतीला बसून दिवस काढावे लागत. लग्न करून स्थायिक झालेल्यांना ‘कसादो’ म्हणत. वसईच्या तटाच्या आत प्रामुख्याने यांचीच वस्ती होती. वसई हे चौल-दमणसह साऱ्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे. इथली गावे वतनासारखी लावून दिलेली असत आणि ज्याला गाव मिळे त्याच्यावर लष्करी चाकरीसाठी घोडा बाळगण्याचे बंधन असे. म्हणजे वसईच्या भातशेतीचे उत्पन्न आणि किल्ल्याची सज्जता एकाच हिशेबात येत होती. शिवाय स्थानिक शिपाई होतेच. ‘परदेशी शिबंदी’ म्हणताना त्यातला मोठा भाग इथल्याच मातीतला होता, हे विसरून चालत नाही.

समारंभांत सर्वांत वजनदार होता किल्लेदाराचा शपथविधी. कप्तानाची नेमणूक साधारण तीन वर्षांची असे. राजाच्या नावाने किल्ला सांभाळीन आणि हुकूम येताच सोडून देईन, अशी शपथ घेऊनच तो ताबा घेई. प्रत्येक नेमणूक ही गाजवायची नि पैसा करायची संधी मानली जात असताना ही शपथ कितपत पाळली गेली, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. बुरुजांना संतांची नावे होती: सांतियागो, सांव सेबास्तियांव, नॉसा सेन्योरा दुश रेमेदियुश. पहारा संताच्या नावाच्या बुरुजावर, आणि सणही त्याच संताचा. गोव्यात तर संत आंतोनियोच्या मूर्तीला कप्तानाचा हुद्दा आणि पगार होता.

सज्जतेच्या बाबतीत पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. वसईच्या बहुतेक बाजूंनी समुद्र, खाडी आणि खाजण; शत्रू मुख्यतः उत्तरेच्या जमिनीकडूनच येऊ शकतो. त्यामुळे तटाची रचना पाहिली तरी भीती कुठून होती ते कळते. पण दगडी तट उभा राहिला म्हणून त्यावरचा पहारा जागा असतोच असे नाही. हजेरीपटावर नसलेल्या माणसांची नावे चढवून पगार खाण्याचा रोग त्या साऱ्या साम्राज्याला जडला होता. 1728 मध्ये पोर्तुगीज अधिकारी आंद्रे रिबेरो कौतिन्यो यांनी उत्तर प्रांताच्या संरक्षणाविषयी दिलेला अहवाल ढिसाळ शिस्तीकडे बोट दाखवतो. 1737 मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती गेले, तेव्हा त्या अहवालातली चिंता खरी ठरली. आणि तरीही हीच शिबंदी 1739 च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत झुंजली; सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यात पडले तरी हटली नाही. सुरुंगांनी सांव सेबास्तियांवच्या बुरुजाला खिंडार पडले तेव्हा किल्ल्याचे त्या वेळचे सेनानी कायतानो द सौझा परेरा यांनी तहाचे बोलणे लावले. जी फौज अहवालात शिस्तहीन दिसते ती वेढ्यात इतकी चिवट कशी ठरली? या क्षेत्रातला हा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे.

तहाच्या अटी या प्रश्नाचा पुढचा टप्पा आहेत. शिबंदीने शस्त्रांसह, नगारे वाजवत, निशाणे फडकवत, चार तोफा आणि दोन उखळी तोफा घेऊन बाहेर पडावे, असे ठरले. हरलेल्यांचा हा शेवटचा समारंभ विजेत्यांनी कलम घालून मान्य केला होता. तो केवळ औदार्याने दिला, असे मानायचे कारण नाही. पावसाळा तोंडावर आला होता, मराठ्यांचीही फार माणसे पडली होती, आणि मान राखून लवकर सुटका हा सौदा दोघांनाही हवा होता. मराठ्यांच्या बाजूलाही समारंभ होतेच: वज्रेश्वरीला केलेला नवस, आणि वसईहून नेलेल्या घंटा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या अशाच एका घंटेवर 1721 हे साल आजही वाचता येते.

तारखांबाबत एक सूचना. पोर्तुगीज 1582 पासून नवी कालगणना वापरत, तर मुंबईचे इंग्रज 1752 पर्यंत जुनी. अठराव्या शतकात दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे तहाची तारीख एका कागदात 16 मे आणि दुसऱ्यात 5 मे दिसली, तर कोणाचीही चूक समजू नये. शिवाय मराठी पत्रांत तिथी असते, ती वेगळी जुळवून घ्यावी लागते.

वाटाड्ये पुष्कळ आहेत. जेर्सन द कुन्हा यांचे चौल-वसईवरील 1876 चे पुस्तक, पांडुरंग पिसुर्लेकरांचे पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील काम, य. न. केळकरांची ‘वसईची मोहीम’ आणि पेशवे दप्तरातील छापील कागद यांपासून सुरुवात करावी. कागद पणजी, पुणे आणि लिस्बन येथे विखुरलेले आहेत. पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही येणारा अभ्यासक दुर्मीळ, म्हणून हे काम जोडीने किंवा गटाने करणे बरे.

वसई-विरारच्या विद्यार्थ्याला यात एक मोठी सोय आहे. ज्या गावांच्या उत्पन्नातून घोडे आणि शिपाई उभे राहिले, त्या गावांतली शेते, चर्च आणि बोलीभाषा अजून त्याच्या ओळखीची आहेत. आजवर कप्तान आणि सेनापती यांच्यावर बरेच लिहिले गेले. हजेरीपटावरच्या स्थानिक शिपायांवर फारच थोडे. पुढचे काम तिथून सुरू व्हावे, आणि ते ज्यांच्या घराण्यांची नावे त्या पटांवर सापडण्याचा संभव आहे त्यांच्याच पोरांनी करावे, ही अपेक्षा.